चौरंगाभोवती उलटा फेरा

रविवार, १ ऑगस्ट १९६५

सत्यवानाची पेटी अखेर आली. माझा हा धाकटा भाऊ बोटीवर मेस्त्री आहे. जगाची बंदरं फिरतो आणि मालवणात चार वर्षांतून एकदा उगवतो. या खेपेला स्वतः आला नाही, इंग्लंडात घेतलेलं एक यंत्र धाडलं. राऊटर म्हणतात याला. दिसायला पोट सुटलेल्या तांब्यासारखं, दोन बाजूंना दोन मुठी आणि खाली बोटभर पातं. वीज लावली की ते पातं मिनिटाला वीस हजार वेळा फिरतं. फळीच्या कडेवरून यंत्र नेलं की कडेला गोलाई आणि खाच एकदमच पडते. गावचा सुतार दाजी मेस्त्री रंध्यानं जे दोन दिवस घासतो ते अर्ध्या तासात.

आमच्या गणपतीचा चौरंग वाळवीनं पोखरलाय आणि चतुर्थी तीस तारखेला आहे. मी शाळेत सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं, की यंदाचा चौरंग मी स्वतः करणार. चित्रकलेचा मास्तर म्हणजे खडूच्या रेघोट्या मारणारा असं ज्यांना वाटतं त्यांनी दर्शनाला जरूर यावं.

जानकीनं पेटीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "ह्या बोटां खातला." बायकोच्या तोंडून पहिला शब्द शुभ निघेल तर शपथ. मुलगी कावेरी लग्न होऊन फोंडाघाटला गेल्यापासून हिची सगळी काळजी एकट्या माझ्या वाट्याला आली आहे.

मंगळवार, ३ ऑगस्ट

पेटीत सत्यवानाचं पाच पानी पत्र होतं. आज नीट वाचलं. धाकटा असून मला शाळेतल्या पोरासारखं बजावतो. पातं बदलताना आधी वायर भिंतीतून काढ. फळी टेबलाला आवळून बांध. दोन्ही हात मुठींवर ठेव, एक हातसुद्धा खाली नको. अंगावर लोंबतं काही नको, डोळ्यांवर चष्मा हवा. एका वेळी थोडंच लाकूड काढ. हे सगळं मान्य. शेवटी लिहितो:

"दादा, बाहेरच्या कडेवर यंत्र नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरव. फळी तुझ्या डाव्या हाताला राहिली पाहिजे, म्हणजे पातं लाकडाला समोरून भिडतं. काट्यांच्या दिशेनं नेलंस तर तेच पातं लाकडावरून चाकासारखं पळेल आणि यंत्र हातातून निसटेल. आमच्या बोटीवर एकाचा हात असाच गेला."

हे मात्र मला मान्य नाही. साहेबाच्या टेबलाभोवती कुठूनही फिरा. हे गणपतीचं आसन आहे. देवाभोवती फिरायचं ते देवाला उजव्या हाताला ठेवून. डाव्या हाताला ठेवून मी आयुष्यात एकदाच फिरलो, नऊ वर्षांपूर्वी, खांद्यावर गळकं मडकं घेऊन, बाबांच्या चितेभोवती. तो फेरा मी चौरंगाला घालणार नाही. सत्यवान तेव्हा बोटीवर होता. त्याला तो फेरा माहीत नाही.

रविवार, ८ ऑगस्ट

आज मुहूर्त केला. पडवीत टेबल लावलं, फणसाची फळी त्यावर सुंभानं करकचून बांधली. धोतर नको म्हणून शाळेच्या कवायतीची खाकी हाफपँट चढवली. जानकीला हसू आवरेना. तिला म्हटलं, हसून घे, चतुर्थीला तोंडात बोट घालशील.

यंत्र सुरू झालं तेव्हा खरं सांगायचं तर मीच दचकलो. तो आवाज कानात नाही, दातांत घुसतो. समोरच्या भिकाजीचा कुत्रा कुंपणाखालून पळाला. पहिला फेरा अगदी वरवरचा घेतला, फळी उजव्या हाताला ठेवून. कड लोण्यासारखी निघाली. मनात म्हटलं, बघ सत्यवाना.

दुसऱ्या फेऱ्याला पातं जरा खाली केलं. पहिली बाजू बरी गेली. दुसऱ्या बाजूला यंत्र मला ओढायला लागलं. मी त्याला नेत नव्हतो, तेच मला नेत होतं. कोपऱ्यावर ते उसळलं आणि एका मुठीवरचा हात सुटला. तेवढ्यात वीज गेली. पातं गरगरत थांबलं. ऐन वेळी वीज जाण्याचा आम्हाला शापच आहे. पाचेक मिनिटांत परत आली, पण तोवर माझा हुरूप गेला होता. भिकाजीचा रेडिओ मात्र सगळा वेळ गात होता. त्याची तार बहुधा वेगळ्या खांबावरून येते.

गुरुवार, १२ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

सकाळी समुद्राला नारळ दिला. त्याबरोबर वाळवीचा जुना चौरंगही पाण्यात सोडला. आता मागे फिरायची वाट नाही, हे त्या वेळी सुचलं नाही, घरी येताना सुचलं.

दुपारी पुन्हा यंत्र लावलं. दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तोच प्रकार. पातं लाकडात जरा खोल गेलं की यंत्र पुढे झेप घेतं. पहिल्यांदा टेबलाच्या काठावर बोटभर खोल ओरखडा काढला. दुसऱ्यांदा माझ्या पोटाकडे वळलं. आणि दोन्ही वेळा वीज गेली. नेमकी त्याच क्षणाला! जानकी लोट्याकडून, म्हणजे पुढच्या ओसरीवरून, पदराला हात पुसत आत आली आणि म्हणाली, "गेली वाटता." मी म्हटलं, वाटता काय, गेलीच. संध्याकाळी बसून वीज कचेरीला दीड पानी तक्रार लिहिली. शुद्धलेखनाची एक चूक काढून दाखवावी त्यांनी.

मंगळवार, १७ ऑगस्ट

कचेरीचा वायरमन आला. तास-दीड तास सगळं तपासलं. लोट्यावरच्या मेन स्विचपाशी बराच वेळ होता. जानकीनं त्याला चहा दिला, वर दोन लाडू दिले, आणि दोघांचं तिथंच काहीतरी हळू आवाजात बोलणं चाललं होतं. जाताना मला हसून म्हणाला, "मास्तरानु, तुमची लाईन बरी आसा. तुमचा नशीबय बरा आसा." वायरमन लोकांनी ज्योतिष कधीपासून सुरू केलं?

बाजारात दाजी मेस्त्री भेटला. आमच्या घरच्या तीन पिढ्यांची दारं-खिडक्या त्याच्या घराण्यानं केली. यंदाच्या चौरंगासाठी मी त्याला विचारलं नाही, हे त्याच्या पोटात दुखतंय. "वीज जाता म्हणतत?" म्हणाला. "नाचूक येयना, आंगण वाकडा." आणि तंबाखू मळत निघून गेला. मी भाजी न घेताच घरी आलो.

शनिवार, २१ ऑगस्ट

हे इथंच लिहितो, दुसरीकडे कुठं बोलणार नाही. मला त्या यंत्राची भीती वाटते.

शाळेत आज फळ्यावर वर्तुळ काढलं ते अंड्यासारखं झालं, पोरांना दिसलं. माझी भाकरी या हातांवर आहे. सत्यवान सांगतो तसं करून बघावं असं दोनदा मनात आलं. फळीपाशी उभाही राहिलो, ती डाव्या हाताला घेऊन. एक पाऊल टाकलं आणि बाबांची चिता दिसली. मडक्यातून पाठीवर पडणारं पाणीसुद्धा जाणवलं. यंत्र खाली ठेवलं.

दाजीकडे जावं तर सगळ्या गावात नाक कापलं जाईल. चतुर्थीला नऊ दिवस राहिले. दोन फेरे उरलेत, दोन्ही खोल.

जानकी उद्या तोंडवलीला भावाच्या घरी बारशाला जाणार आहे. जाऊ की नको, असं दहादा झालं. शेवटी म्हणाली, "मी येयसर ता यंत्र लावूचा नाय. माका वचन देवा." मी म्हटलं, बरं.

रविवार, २२ ऑगस्ट, सकाळी

जानकी सकाळच्या गाडीनं गेली. पाऊस उघडलाय. वीज आहे. फळी घट्ट बांधली आहे. ती संध्याकाळी परत येईल तेव्हा तिला तयार कड दाखवीन. वचन मोडल्याचा राग एक मिनिट टिकेल.

बुधवार, २५ ऑगस्ट

डाव्या अनामिकेचं वरचं पेर गेलं. उजवा हात शाबूत आहे म्हणून लिहू शकतो.

झालं ते असं. पहिली बाजू गेली, दुसरीही गेली. मी आतल्या आत हसलो. तिसऱ्या बाजूला सुंभ सैल झालं आणि फळी सरकायला लागली. मी डावा हात मुठीवरून काढून फळी दाबली. एवढंच केलं. यंत्र उसळलं, फळीचा कोपरा खात पुढे पळालं आणि माझ्या हातावरून गेलं. दुखलं नाही. आधी फणसाच्या पिवळ्या भुश्यावर लाल दिसलं, मग कळलं. यंत्र जमिनीवर पडून तसंच फिरत राहिलं, फरशीवर ठिणग्या उडवत. मी भिंतीला पाठ लावून वीज जायची वाट बघत होतो. दर खेपेला जायची ती त्या दिवशी गेली नाही. शेवटी भिकाजी धावत आला आणि त्यानं वायर खेचली.

डॉक्टरांनी पाच टाके घातले. जानकी आली ती उंबऱ्यावरच बसली. रडली नाही. माझा हात मांडीवर घेतला. मग म्हणाली, "तीन येळा मीच मेन स्विच वडलंय. रोज लोट्यावर उबी रवान कान देवन आयकत होतंय. आवाज बदललो काय स्विच वडी. एक दिस घरात नाय, तर ह्या."

मला आधी राग आला, हेही लिहितो. हिनं मला फसवलं. माझी दीड पानी तक्रार, वायरमनचं ते हसणं, सगळं आठवलं आणि कान तापले. तिला म्हणालो, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "सांगलंय ना. पयल्याच दिसा सांगलंय, बोटां खातला म्हणान. तुमी आयकलात?"

गुरुवार, २६ ऑगस्ट

दाजी मेस्त्री आपणहून आला. टोमणा मारील म्हणून मी तयारीत होतो. त्यानं बँडेज बघितलं आणि टोपी काढून बाजूला ठेवली. मग फळीच्या कडेवरून अंगठा फिरवत गेला, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसा. कोपऱ्यावर यंत्रानं खाल्लेल्या खाड्यापाशी थांबला.

"मास्तरानु, तुमी ह्येका सव्य फिरवलात."

मी सत्यवानाचं पत्र त्याला वाचून दाखवलं. त्यानं मान डोलावली. "भाव तुमचो बरोबर सांगता. पातां यंत्राक उजवीकडसून डावीकडे वडता, मगे तुमी तेच्या सामने जावक व्हया. तेच्या वांगडा, तेच्याच दिशेन गेलात तर ता पळतला."

म्हटलं, मग दाजी, तूच उरलेलं कर. उलटं फिरवून. तुझे हात पक्के आहेत.

दाजीनं यंत्र पालथं करून पातं न्याहाळलं. मग म्हणाला, "रंध्याक सव्य नाय, अपसव्य नाय. तो सरळ जाता, सरळ येता. ह्या गरगर फिरूचा काम. गणपतीच्या चौरंगाक उलटो फेरो माझ्या हातान घालूचो नाय. माझीय पोरांबाळां आसत."

रंध्यानं खाडा निघेल का विचारलं. नाही म्हणाला, कोपरा खोलवर गेलाय, चारही कडा यंत्रानंच खाली न्यायला हव्यात. नवी फणसाची सुकी फळी चार दिवसांत मिळणार नाही. जुना चौरंग समुद्रात. बाबांच्या आजोबांपासून आमच्या घरी गणपती चौरंगावर बसतो. यंदा तो उसन्या पाटावर बसणार, आणि माझ्या तोऱ्यामुळे बसणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आम्ही दोघं असे मान खाली घालून बसलो असताना जानकी माजघराच्या दारातून म्हणाली, "मी फिरवतंय."

दाजी म्हणाला, "वयनी, उलटो फेरो तो."

"माका ठावक आसा खंयचो फेरो तो. फेरो माझो आणि पाप लागला तर ताय माझा. हेंचो दुसरो हात जावचो नाय."

शनिवार, २८ ऑगस्ट

झालं.

मी दोन आठवडे यंत्र चालवलं आणि तिनं दोन आठवडे मला बघितलं. शिकली ती. पातं बसवायच्या आधी वायर भिंतीतून काढून माझ्यासमोर धरली, बघा म्हणून. फळी दाजीच्या दोन लोखंडी शिकंज्यांनी आवळली, सुंभाला हात लावला नाही. कासोटा घट्ट मारला, पदर कमरेला खोचला, मंगळसूत्र चोळीत टाकलं. बांगड्या काढायला हव्यात असं मी म्हणालो, तर माझ्याकडे असं बघितलं, की मला माझीच जीभ चावावीशी वाटली. तिनं त्या कोपरापर्यंत वर चढवल्या आणि जुन्या धडप्याची पट्टी वरून गच्च बांधून घेतली. माझा चष्मा डोळ्यांवर चढवला. मला म्हणाली, "तुमी मेन स्विचकडे उबे रवा. माझ्याकडे बगू नुको. आवाज आयका."

मी लोट्यावर उभा राहिलो, स्विचच्या दांड्यावर हात ठेवून. तेव्हा मला कळलं की दोन आठवडे हिनं काय सोसलं असेल. दिसत काही नाही, नुसता आवाज. प्रत्येक कोपऱ्यावर तो जरा बारीक होतो आणि दांड्यावरची बोटं आवळतात. मी देवाला हाक मारली, पण कुठल्या तोंडानं मारली ते मलाच माहीत.

यंत्र एकदाही उसळलं नाही. लाकडाला रेटा देत, शहाण्या बैलासारखं संथ चाललं. तिनं घाई केली नाही. एकाच खोल घावाऐवजी चार फेरे घेतले, दर खेपेला पातं सुपारीच्या पातळ चकतीएवढं खाली. चौथ्या फेऱ्याला कोपऱ्यावरचा खाडा नाहीसा झाला. तिनं बटण बंद केलं, पातं पुरतं थांबेपर्यंत यंत्र दोन्ही हातांत धरून ठेवलं, मगच खाली ठेवलं.

मी धावत आत गेलो. कड इतकी साफ की दाजीला बोलवून दाखवावीशी वाटली. जानकी मात्र थांबली नाही. सरळ विहिरीवर गेली आणि डोक्यावरून अंघोळ केली, लुगड्यासकट. भुसा फार उडाला होता, केसांत गेला असणार.

सोमवार, ३० ऑगस्ट, चतुर्थी

गणपती बसला. दाजीनं पाय लावून दिले, चौरंग किंचितही डुगडुगत नाही. दिवसभर माणसांची रीघ होती. शाळेतले सगळे येऊन गेले. हेडमास्तरांनी कडेवरून बोट फिरवून "वा" म्हटलं आणि माझ्या बँडेजकडे बघून म्हणाले, "किंमत मोजलीत, पण काम केलंत." मी प्रसाद पुढे केला. नाही म्हणायला हवं होतं. प्रत्येक वेळी वाटत होतं, पुढच्या माणसाला सांगू. कोणालाच सांगितलं नाही.

जानकी सकाळपासून चुलीपाशी. मोदक, पाच भाज्या, काळ्या वाटाण्याचं सांबार, सगळं एकटीनं. पूजेच्या वेळी चौरंगाला हळदकुंकू लावायला भिकाजीच्या बायकोला, सुभद्रेला, पुढे केलं. दरवर्षी स्वतः लावते. आज हात पिठाचे होते म्हणाली. दमली असेल बिचारी.

मंगळवार, ३१ ऑगस्ट

आमचा गणपती दीड दिवसाचा. संध्याकाळी शेवटची आरती झाली. मंत्रपुष्पांजली झाली. मग सगळे जागच्या जागी स्वतःभोवती फिरले, लहानथोर सगळे, दाजीसुद्धा गुडघ्यावर हात ठेवून. मीही फिरलो. अर्ध्या फेऱ्यात तोंड माजघराकडे आलं आणि मला जानकी दिसली.

ती उंबऱ्याच्या आत उभी होती. फिरत नव्हती. दोन्ही हात पदराखाली घट्ट दडवले होते, चोरी केलेल्या पोरासारखे.

मी तिथंच थांबलो. काल पीठ नव्हतं तिच्या हातांना. शनिवारी केसांत भुसा नव्हता. मसणातून आल्यावर करतात ती अंघोळ होती ती. मला वाटत होतं जानकीला असल्या गोष्टींचं भय नाही, म्हणून ती पुढे झाली. तसं वाटून घेणं मला सोयीचं होतं. तिला भय माझ्याइतकंच होतं, दाजीइतकंच होतं. पाप लागणार यावर तिचा पूर्ण विश्वास होता, आणि तो धरून तिनं चार फेरे घातले. दर वटपौर्णिमेला माझ्यासाठी वडाभोवती फिरते ती माझ्यासाठीच उलटी फिरली, आणि दोन दिवस आपल्याच घरच्या देवासमोर आली नाही. आणि मी बाहेर बसून वाहवा घेत होतो.

मला लाज वाटली. एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

मी उंबऱ्यापाशी गेलो आणि म्हटलं, "जानकी, चल. उत्तरपूजेक ये."

"माका नुको." हळूच म्हणाली, फक्त मला ऐकू येईल असं. "तुमी करा. माझो हात लागूक नुको."

सगळे बघत होते. सुभद्रा, भिकाजी, दाजी, शाळेतले दोघे-तिघे. मी वळून मोठ्यानं सांगितलं, "चौरंग मी नाय केलंय. माझ्यान झालो नाय. हिणा केल्यान, उलटो फेरो घालून, माझो दुसरो हात रवाचो म्हणान. जेका ह्यो चौरंग चलाचो नाय तेणा आताच सांगूचा."

समई तडतडत होती. मग दाजीनं खाकरल्यासारखं केलं. "वयनी," तो म्हणाला, "माका भंय वाटला म्हणान मी मागे सरलंय. देवाक कळता कोण कित्याक फिरला ता. या तुमी."

तरी ती येईना. मी तिचं मनगट धरलं आणि पदराखालून हात बाहेर काढला. तळव्याला मुठीचे दोन फोड आले होते, मला ते आजवर दिसले नव्हते. त्या हातावर मी अक्षता ठेवल्या.

तिनं त्या वाहिल्या. मग मूर्ती आसनावरून जराशी हलवायची असते, जायला निघाली म्हणून. ते घरच्या कर्त्याचं काम. माझा डावा हात बँडेजमध्ये, एका हातानं मूर्ती धरवेना. जानकीनं दुसऱ्या बाजूनं हात लावला आणि आम्ही दोघांनी मिळून गणपती हलवला. ती तेव्हा रडायला लागली, आणि समुद्रापर्यंत रडतच आली.